पंचेचाळीस फूट, पण कुठून?

सांगलीत पावसाळ्यात कुणालाही विचारा, "पाणी किती आलं?" उत्तर फुटांतच येतं. "आयर्विनला चाळीसच्या वर गेलंय." बास. चाळीस फूट म्हणजे कुठून चाळीस, समुद्रसपाटीपासून की नदीच्या तळापासून, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. आयर्विन पुलाजवळ मोजपट्टी आहे, तिचा शून्य जिथे आहे तिथे आहे, आणि ४५ फूट झालं की धोका, हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. तिकडे कोल्हापूरची मोजपट्टी वेगळी, राजाराम बंधाऱ्यावरची. तिथे ४३ फुटांना धोका. आता एखाद्याने मुंबईत बसून टीव्हीवर सांगलीचे ४५ आणि कोल्हापूरचे ४३ बघितले आणि "म्हणजे कोल्हापुरात पाणी दोन फूट कमी आहे" असं अनुमान काढलं, तर त्याची वजाबाकी बरोबर आहे. फक्त तिला काही अर्थ नाही.

तर मंडळी, आजचा विषय हा "कुठून" आहे. म्हणजे खरा विषय आहे जिओसर्व्हर नावाच्या सॉफ्टवेअरला डेटाबेसमधला नकाशा वाचायला लावणे. हे वाक्य वाचून निम्मे लोक टॅब बंद करणार याची मला कल्पना आहे. पण थांबा. कोड दाखवणार नाहीये. फक्त एक ड्रॉपडाऊन आहे, आणि त्या ड्रॉपडाऊनपायी कृष्णाकाठची काही घरं पूररेषेच्या आत-बाहेर उड्या मारत होती.

माझं आजोळ कृष्णेच्या काठी, सांगलीपासून फार लांब नाही. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. त्यातलं २०१९ च्या ऑगस्टमधलं सगळ्यात मोठं, आयर्विनला ५७ फुटांच्या वर. त्या भागात एक छोटी संस्था काम करते. नाव लिहीत नाही, त्यांना प्रसिद्धीचा कंटाळा आहे. पाणी चढायला लागलं की कुणाला आधी हलवायचं, याची यादी ते उन्हाळ्यातच घरोघरी फिरून करून ठेवतात. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, बाळंतिणी, एकटे राहणारे, दावणीची जनावरं. होड्या मोजक्या असतात आणि रात्री फोन लागत नाहीत, त्यामुळे यादीतला क्रम फार महत्त्वाचा. ही यादी त्यांना नकाशावर हवी होती. मामाने परस्पर सांगून टाकलं, "आमचा भाचा पुण्यात कंप्युटरमध्येच हाय." झालं. माझे चार-पाच वीकेंड बुक.

त्यांच्याकडे माहिती तीन टेबलांत होती. पहिलं घरांचं: कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरासमोर उभं राहून मोबाईलच्या जीपीएसने घेतलेला बिंदू. दुसरं खुणांचं: २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवरच्या ओलीवरून आणि लोकांना विचारून नोंदलेले बिंदू, तेही मोबाईलनेच. तिसरं रेषांचं: नदीचा काठ, रस्ते आणि पूररेषा, एका सल्लागाराने काही वर्षांपूर्वी कागदी नकाशांवरून काढून दिलेल्या.

पूररेषा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे दोन असतात. निळी, म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची. लाल, म्हणजे १०० वर्षांत एकदा येईल एवढ्या पुराची. २५ वर्षांत एकदा याचा अर्थ "एकदा आला, आता २५ वर्षं निवांत" असा नाही. दर वर्षी शेकडा ४ शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. अधिकृत रेषा ठरवणं हे जलसंपदा विभागाचं काम. आमचा नकाशा कायद्यासाठी नव्हताच, होड्यांसाठी होता. निळ्या रेषेच्या आतली घरं यादीत आधी, बाहेरची नंतर.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. पोस्टग्रेस हा आपला नेहमीचा रिलेशनल डेटाबेस. ओळी, कॉलम, की, जॉइन. त्याला २००१ साली कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने पोस्टजीआयएस नावाची जोड दिली आणि टेबलात एक नवीन प्रकारचा कॉलम आला: जॉमेट्री. एका कॉलममध्ये घरमालकाचं नाव, दुसऱ्यात माणसं किती, आणि तिसऱ्यात त्या घराचा बिंदू. किंवा शेताची हद्द. किंवा अख्खी नदी. टेबलाच्या एका खान्यात कृष्णा! मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण याची गंमत अजून संपलेली नाही.

हा कॉलम नुसता सिलेक्ट करून बघितला तर नदीबिदी काही दिसत नाही. दिसते आकडे आणि अक्षरांची लांबलचक आगगाडी. पण त्या आगगाडीत शिस्त असते. पुढच्या डब्यांत बाइट कुठल्या क्रमाने वाचायचे ते, मग आकार कुठला (बिंदू, रेषा की बहुभुज), मग एक नंबर, आणि त्यामागे नुसते आकडेच आकडे. तो मधला नंबर म्हणजे एसआरआयडी. मागचे सगळे आकडे कुठून मोजलेत, हे सांगणारा नंबर. आयर्विनची पट्टी की राजाराम बंधाऱ्याची, त्याचं उत्तर. आणि हा नंबर शून्य असू शकतो. शून्य म्हणजे "माहीत नाही".

जिओसर्व्हरला हे टेबल वाचायला लावणं वरवर अगदी सोपं आहे. आधी कनेक्शन: होस्ट, पोर्ट ५४३२, डेटाबेस, स्कीमा, युजर, पासवर्ड. इथे एक फुकटचा सल्ला. युजर वेगळा काढा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. नकाशा दाखवणाऱ्याला टेबलात लिहायचं काय कारण? दुसरी गोष्ट, टेबलाला प्रायमरी की असू द्या. नसेल तर जिओसर्व्हर कुरकुर न करता नकाशा दाखवतो, पण प्रत्येक घराला त्याच्या मनाने ओळखक्रमांक देतो आणि तो दर वेळी वेगळा. आज क्लिक केलेलं घर उद्या त्याच क्रमांकाने सापडणार नाही.

तिसरी गोष्ट इंडेक्स. नकाशा तुम्ही थोडा जरी सरकवला तरी डेटाबेसला प्रश्न जातो, "या चौकटीत काय काय येतं?" साधा इंडेक्स अ-आ-इ-ई लावू शकतो, पण जागेला अ-आ-इ-ई नसते. त्यासाठी वेगळ्या जातीचा इंडेक्स लागतो, चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट अशा पद्धतीचा. पोस्टात पत्रं लावतात ना, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, तसंच काहीसं. हा इंडेक्स नसेल तर एका गल्लीसाठी अख्खं टेबल वाचलं जातं, आणि पूर आल्यावर सगळे एकदम नकाशा उघडतात तेव्हा ते परवडत नाही.

एवढं झालं की लेयर प्रकाशित करायची. तिथे तीन खाने येतात. पहिला नेटिव्ह: टेबलात आकडे मुळात कुठून मोजलेले आहेत. दुसरा डिक्लेअर्ड: जगाला आपण काय सांगणार. आणि तिसरा तो ड्रॉपडाऊन: या दोघांचं करायचं काय. त्यात तीन पर्याय. एक, मूळचं आहे तसं ठेव. दोन, मूळचं बदलून जाहीर केलेल्यात आण. तीन, फोर्स डिक्लेअर्ड, म्हणजे मूळचं काय असेल ते असो, मी सांगतो तेच खरं धर.

दुसरा आणि तिसरा पर्याय वाचायला सारखेच वाटतात. दोन्हीत शेवटी जाहीर केलेली पद्धतच बाहेर दिसते. पण दुसऱ्यात गणित होतं, प्रत्येक बिंदू नव्या आकड्यांवर नेला जातो. तिसऱ्यात काहीच होत नाही, फक्त पाटी बदलते. डेटाबेसमध्ये हाच फरक दोन फंक्शनांत आहे. एसटी सेट एसआरआयडी पाटी बदलतं, एसटी ट्रान्सफॉर्म आकडे बदलतं.

ज्यांनी युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंग केलंय त्यांना हे लगेच कळेल. जुन्या फॉण्टमध्ये लिहिलेली फाईल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मग कुणीतरी सांगायचं, "अरे, सगळं सिलेक्ट कर आणि फॉण्ट बदल." बदलला की मराठी दिसायचं. पण आत अक्षरं तीच, चिवडाच. शोधायला जा, सापडत नाही. अनुक्रम लावा, लागत नाही. फॉण्ट बदलणं वेगळं आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणं वेगळं. पाटी आणि माल, दोन्ही वेगळे.

बरं, यात फोर्स डिक्लेअर्डला शिव्या घालायचं कारण नाही. टेबलातला नंबर शून्य असेल आणि आकडे कुठून मोजलेत हे तुम्हाला पक्कं माहीत असेल, तर तोच पर्याय योग्य. "पक्कं माहीत असेल" हे शब्द महत्त्वाचे.

आता आमच्या तिसऱ्या टेबलाकडे. सल्लागाराने रेषा शेपफाईलमध्ये दिल्या होत्या. शेपफाईल नावाला एक, असते चार-पाच फाईलींचं बिऱ्हाड. त्यातली एक छोटीशी फाईल फक्त एवढंच सांगते की आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत. नेमकी तीच नव्हती. ती नसली तरी काही अडत नाही, नकाशा काढायला बाकीच्या पुरतात, म्हणून तर ती हरवते. डेटाबेसमध्ये भरताना नंबर पडला शून्य. सल्लागाराने पूर्वी उभारलेल्या सर्व्हरची सेटिंग्ज संस्थेकडे जपून ठेवलेली होती. त्यात या लेयरपुढे स्वच्छ लिहिलेलं: जाहीर पद्धत ईपीएसजी ४३२६, धोरण फोर्स डिक्लेअर्ड.

४३२६ म्हणजे जीपीएस ज्या पृथ्वीवर चालतं ती पद्धत, डब्ल्यूजीएस ८४. हे नंबर ज्या यादीतून येतात ती तेलकंपन्यांच्या सर्वेक्षणवाल्यांनी सुरू केलेली. ईपीएसजी मधला पी म्हणजे पेट्रोलियम. असो. टेबलात आकडे होते ७४ पूर्णांक काहीतरी आणि १६ पूर्णांक काहीतरी. रेखांश आणि अक्षांश, सांगलीचेच. कुणीही बघून म्हणेल, ४३२६. नकाशावर लावलं की सांगलीतच दिसतंय. काम झालं!

चूक ढळढळीत असली की बरं असतं. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल हा या धंद्यातला रोजचा गोंधळ. पुण्याचे आकडे उलटे वाचले तर पुणे नॉर्वेच्या वर, आर्क्टिकमधल्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर, समुद्रात जाऊन पडतं. लगेच कळतं. पुणेकरांनाही मान्य करावं लागतं :-) पण दीडशे मीटरची चूक गप्प बसते. जिल्ह्याच्या नकाशावर तर ती दिसतच नाही.

आम्हाला ती दिसली देवळामुळे. नदीकाठचं एक देऊळ, घाटाच्या वरच्या अंगाला. कार्यकर्त्याने देवळासमोर उभं राहून बिंदू घेतलेला. नकाशावर देऊळ नदीच्या पात्रात. सल्लागाराने काढलेल्या काठाच्या आत, चांगलं शंभरेक मीटर. पहिल्यांदा सगळ्यांनी मोबाईलवर संशय घेतला. मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं हे खरं, पण शंभर मीटर? मग आम्ही एक काम केलं, जे या सगळ्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात उपयोगाचं होतं. रेषांच्या नकाशात जे सहज ओळखू येईल आणि जमिनीवर जिथे उभं राहता येईल, असे बिंदू निवडले. रस्त्यांचे तिठे, पुलाची टोकं. प्रत्येक ठिकाणी एक पोरगा मोटारसायकलवर पाठवला आणि दोन्ही आकडे शेजारी मांडले.

हाताने रेषा काढताना होणारी चूक सगळीकडे वेगळी असते, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इथे तसं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी रेषा खऱ्या जागेच्या आग्नेयेला, आणि अंतरही जवळपास तेवढंच. दीडशे मीटरच्या आसपास. सगळा नकाशा एका बाजूला सरकलेला होता, जसा टेबलावरचा टेबलक्लॉथ सरकतो. अशी शिस्तबद्ध चूक दिसली की समजायचं, मोजायला सुरुवातच वेगळीकडून झालीये.

संस्थेने सल्लागाराकडे तेव्हा काम केलेल्या माणसाला फोन लावला. त्याने सरळ सांगितलं: जुनी टोपोशीट स्कॅन केली, चारही कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश टाकले, आणि त्यावर रेषा काढल्या. त्याच्या परीने व्यवस्थित काम. पण जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश जीपीएसच्या पृथ्वीवरचे नसतात. ते एव्हरेस्टच्या पृथ्वीवरचे असतात.

हे जरा मजेशीर आहे. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट आला, तोच तो, ज्याचं नाव शिखराला दिलंय. पृथ्वी पूर्ण गोल नाही, थोडी चपटी आहे, तर ती नेमकी केवढी आणि किती चपटी धरायची याचे आकडे त्याने १८३० साली मांडले. मोजणीचा मूळ बिंदू ठरला मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर. अवकाशातून मोजायची सोय नव्हती, त्यामुळे हिंदुस्थानापुरती नीट बसेल अशी पृथ्वी त्यांनी निवडली. ती बसलीही उत्तम. पुढे दीड शतकाहून जास्त काळ आपले नकाशे तिच्यावर निघाले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीची नवी मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आली, पण जुने कागद जुन्याच पृथ्वीवर राहिले.

या दोन पृथ्वींची केंद्रं वेगवेगळी आहेत. एकीकडून दुसरीकडे जायचे रूढ आकडे तीन: २९५, ७३६ आणि २५७ मीटर, तीन दिशांना. मिळून आठशे मीटरच्या वर अंतर होतं. सुदैवाने आपल्या भागात त्यातलं बहुतेक अंतर पायाखालून उभं जातं, आणि एव्हरेस्टची पृथ्वी जवळपास तेवढीच लहान असल्याने ते भरूनही निघतं. आडवं जे उरतं ते सांगलीजवळ साधारण दीडशे मीटर. मी हे गणित कागदावर करून बघितलं. जुने आकडे जीपीएसचे समजून लावले तर वस्तू ११८ मीटर दक्षिणेला आणि ८८ मीटर पूर्वेला दिसायला हव्यात. म्हणजे आग्नेय. मोटारसायकलवाल्या पोराने आणलेले आकडे याच्या इतके जवळ होते की मी त्याला फोन करून शाबासकी दिली. त्याला कशाबद्दल ते कळलं नाही, पण खूश झाला.

आता याचा होड्यांशी संबंध बघा. नदी आमच्या भागात ढोबळमानाने दक्षिणेकडे जाते. सगळा रेषांचा नकाशा आग्नेयेला सरकला, तर पूर्वेच्या काठावरची निळी रेषा नदीपासून उगाच लांब, वस्तीत आत गेली. तिथली काही घरं विनाकारण यादीत वर आली. हे एक वेळ चालेल, चार माणसं आधी हलली म्हणून बिघडत नाही. पण पश्चिमेच्या काठावर रेषा नदीकडे सरकली. तिथली काही घरं, जी खरं तर निळ्या रेषेच्या आत आहेत, ती नकाशावर बाहेर दिसत होती. म्हणजे यादीत खाली. त्यातल्या एका घरात डायलिसिसवर असलेला माणूस होता. ड्रॉपडाऊनमधल्या एका ओळीने त्याचा नंबर मागे ढकललेला होता, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

खरं तर पोस्टजीआयएसकडे याला आळा घालायची सोय आहे. दोन टेबलांवर वेगवेगळे एसआरआयडी असतील आणि तुम्ही "हे घर या रेषेच्या आत आहे का" असं विचारलंत, तर तो उत्तरच देत नाही. वेगळ्या पद्धती आहेत, आधी एक करा, असं म्हणून अडून बसतो. कोल्हापूरचे फूट आणि सांगलीचे फूट वजा करायला नकार देणारा डेटाबेस! पण हा पहारेकरी पाटी वाचतो. खोटी पाटी लावली की तो सलाम ठोकून आत सोडतो. शून्य असलेला नंबर हा प्रश्न होता. त्यावर ४३२६ लिहिल्यावर प्रश्न मिटला, उत्तर न मिळताच.

दुरुस्ती दोन ओळींची. आधी टेबलावर खरी पाटी लावली: ईपीएसजी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, एव्हरेस्टच्या पृथ्वीवरची पद्धत. मग ट्रान्सफॉर्म करून ४३२६ चा वेगळा कॉलम केला. मूळचा कॉलम तसाच ठेवला, पुढे कुणाला पडताळायचं असेल तर. हे काम जिओसर्व्हरच्या दुसऱ्या पर्यायानेही झालं असतं, पण घरांची आत-बाहेर मोजणी डेटाबेसमध्येच होणार होती, म्हणून तिथेच केलं. आता नेटिव्ह आणि डिक्लेअर्ड एकच, ड्रॉपडाऊनला काही कामच उरलं नाही. देऊळ पाण्यातून घाटावर आलं.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण मोटारसायकलचे बिंदू पुन्हा तपासले तेव्हा फरक शून्य नव्हता. कुठे दहा मीटर, कुठे वीस. ते तीन आकडे अख्ख्या देशासाठीचे आहेत, त्यांच्यातच दहा-पंधरा मीटरचं इकडेतिकडे धरलेलं आहे. त्यात मूळ कागद १:५०,००० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. आमची ती दीडशे मीटरची सगळी भानगड कागदावर ३ मिलिमीटर होती. आणि अर्ध्या मिलिमीटरची पेनची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद. २५ मीटरमध्ये आमच्या गावात एक गल्ली बसते.

मग त्या रेघेवर झूम करत करत जाऊन "तुझं घर आत, शेजारचं बाहेर" असं सांगायचा आपल्याला काय अधिकार? स्क्रीनवर रेघ कितीही झूम केली तरी एक पिक्सेलची, तलवारीसारखी दिसते. कागदावर निदान ती जाड दिसायची.

म्हणून शेवटी आम्ही नकाशावर रेघ काढलीच नाही. पट्टा काढला, रेघेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर. घरांचे तीन रंग. नक्की आत, नक्की बाहेर, आणि मधल्या पट्ट्यातली "जाऊन बघा". मधल्या घरांपुरता नकाशा बाजूला ठेवायचा आणि दुसरं टेबल उघडायचं, खुणांचं. २०१९ ला पाणी तिथे आलं होतं का? आलं असेल तर आत धरा, विषय संपला. संस्थेच्या ताईंना हे लगेच पटलं. त्या म्हणाल्या, "आम्ही तसंच करतो हो. तुमच्या कंप्युटरला ते माहीत नव्हतं एवढंच."

मामाचं घर त्या मधल्या पट्ट्यात आलं. मी फोनवर त्याला जमेल तेवढं समजावून सांगितलं, एव्हरेस्ट, कल्याणपूर, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आरं, रेघ कुठं हाय ते मला कशाला सांगतोस? एकोणीसला पाणी देव्हाऱ्याला लागलं हुतं. रेघेला पटू दे, न्हाईतर नको पटू दे." मामाच्या घराची नोंद तेव्हाच "आत" करून टाकली.

त्या सल्लागाराला मी फार दोष देत नाही. लेयर दिसत नव्हती, ती दिसायला हवी होती, आणि एका ड्रॉपडाऊनने ती दिसली. आपल्या सगळ्यांचं रोजचं काम असंच चालतं. कॉन्फिगरेशन म्हणजे लाल अक्षरं जाईपर्यंत पर्याय बदलत राहणं, अशी एक व्याख्या आपल्या हापिसांत रूढ आहे. वेळ कुठल्या टाइमझोनची, रक्कम रुपयांत की लाखांत, वजन किलोत की पौंडात, असे किती खाने आपण "चाललं ना, बास" म्हणून भरतो. त्यातला प्रत्येक खाना एक विधान असतो. ते खरं आहे असं आपण सही करून सांगत असतो, आणि पुढचं सॉफ्टवेअर त्यावर आंधळा विश्वास टाकतं.

संस्थेसाठी आता एक नियम केला आहे. प्रत्येक टेबलाच्या वर्णनात चार ओळी सक्तीच्या: कुणी मोजलं, कशाने मोजलं, कुठल्या साली, आणि कुठून. माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहायचं आणि नंबर शून्यच ठेवायचा. शून्य दिसायला वाईट दिसतं, लेयर अडून बसते, कुणाला तरी फोन करावा लागतो. करू दे. जूनच्या आत करायचे फोन आहेत ते, ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता करायचे नाहीत.